चाकांचे वय

२०२४ च्या मे महिन्यात माझे थोरले बंधू अण्णा बेळगावहून आमच्याकडे अमेरिकेत आले, तेव्हा त्यांची सत्त्याहत्तर वर्षे पुरी झाली होती आणि वहिनी जाऊन जेमतेम वर्ष झाले होते. मी इकडे आलो तो १९८१ साली. तेव्हापासून मी किती वेळा "या" म्हटले आणि त्यांनी किती वेळा "बघू की" म्हटले, याची गणती नाही. दुकान होते तोवर दुकानाची सबब होती. दुकान बंद झाल्यावर वहिनींच्या गुडघ्यांची. आता सबबच उरली नव्हती, म्हणून ते आले. हौसेने आलेल्या पाहुण्याला नायगारा दाखवावा. जो नाइलाजाने आला आहे त्याला काय दाखवावयाचे, या विचारात मी दोन दिवस होतो. शेवटी ठरवले, आपला ट्रेलर काढावयाचा आणि अण्णांना उत्तरेकडचे मोठे सरोवर दाखवून आणावयाचे.

ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यावयाचे घर. आत दोन बिछाने, गॅसची शेगडी, उभे राहता येईल एवढेच न्हाणीघर, पाण्याची टाकी. खाली दोन आसांवर चार चाके. येथील निवृत्त मंडळींना या प्रकाराची फार हौस. आम्ही हा एका शेजाऱ्याकडून जुना विकत घेतला. आपण आता भटके झालो, असा थोडा अभिमान मला वाटू लागला होता. पण आमच्या हिने पहिल्याच आठवड्यात त्यात देवांसाठी कोनाडा करून घेतला आणि मिसळणाच्या डब्याला जागा केली. त्यानंतर भटकेपणाचे नाव कोणी काढले नाही.

जावयाचे होते मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, मॅकिनॉच्या सामुद्रधुनीवरून पलीकडे. तेथे १९५७ साली खुला झालेला पाच मैल लांबीचा झुलता पूल आहे. तो ओलांडून पुढे गेले की सुपीरिअर सरोवर. समुद्रासारखे दिसणारे पाणी गोडे असते, हे अण्णांना मान्य नव्हते. "चाखून बघतो," एवढेच ते म्हणाले.

निघण्याच्या आधीच्या रविवारी मी ट्रेलरवरचे आच्छादन काढले. अण्णा खुर्ची टाकून बसले होते. ते उठले, सावकाश एक प्रदक्षिणा घातली आणि पुढच्या उजव्या चाकाशी उकिडवे बसून टायरच्या कडेवर अंगठा दाबला. मग नखाने थोडे खरवडले.

"केव्हाचे रे हे?"

मी काहीसा गर्वानेच म्हणालो, "शेजाऱ्याने घातलेले. पण नक्षी बघा, अण्णा. नव्यासारखी आहे. चार हजार मैलसुद्धा झाले नसतील."

"नक्षी नाही विचारली. केव्हाचे, ते विचारले."

ते मला ठाऊक नव्हते. ते कोठे लिहिलेले असते हे मात्र अण्णांना ठाऊक होते. टायरच्या कडेवर 'डीओटी' अशा अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ उठवलेली असते. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे त्या टायरची जन्मपत्रिका : पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २००० सालापासून ही चार आकड्यांची पद्धत आहे. हे आकडे बहुधा एकाच अंगाला असतात, आणि बसवणाऱ्याने ते अंग आत केले असेल तर ट्रेलरखाली आडवे होऊन सरपटत जाण्यावाचून गत्यंतर नसते. अडुसष्टाव्या वर्षी मी विजेरी घेऊन तसा गेलो. धूळ, कोळिष्टके आणि एका खारीने जमवलेले अक्रोड यांच्या सोबतीत मी वाचले : २३१६. म्हणजे २०१६ सालाचा तेविसावा आठवडा. टायर आठ वर्षांचे होत आले होते.

"बदल," अण्णा म्हणाले.

येथे मला थोडे थांबून आमच्या घराविषयी सांगितले पाहिजे. नाही तर त्या एका शब्दाने मी का चिडलो ते कळणार नाही. आमच्या घरात वस्तू टाकून देण्याची रीतच नव्हती. आईचे लुगडे विरले की त्याचे धडपे होत, धडप्यांची गोधडी होई, गोधडीतून दुपटी निघत आणि दुपट्यांचे शेवटी पोतेरे होई. पोतेरे कोठे जाते हे मी कधी पाहिले नाही. आणि अण्णांचा धंदा तर या व्रताचे देऊळच होता. १९७१ साली त्यांनी खानापूरच्या रस्त्याला टायर रिसोलिंगचे दुकान काढले. गुळगुळीत झालेला टायर घ्यावयाचा, उरलीसुरली नक्षी खरवडून काढावयाची, सोल्यूशन लावून त्यावर नवे रबर चढवावयाचे आणि साच्यात घालून वाफेवर शिजवावयाचे, की टायर पुन्हा रस्त्यावर जावयास सिद्ध. त्या दुकानावर माझे इंजिनिअरिंग झाले आणि दोन बहिणींची लग्ने झाली. संध्याकाळी अण्णा घरी येत तेव्हा त्यांच्या सदऱ्याला जळक्या रबराचा वास येई. अजूनही कोठे तो वास आला की मला भूक लागते. असा हा माणूस, ज्याने जन्मभर टाकलेल्या टायरांना पुन्हा चालावयास लावले, तो माझे पुरी नक्षी असलेले चार टायर एका शब्दात मोडीत काढीत होता!

मी वाद घातला. नक्षी पुरी आहे, ट्रेलर वर्षातून सहा आठवडे चालतो, बाकीचे दिवस झाकलेला असतो. अण्णांनी सगळे ऐकून घेतले व म्हणाले, "म्हणूनच."

त्याचा अर्थ मला नंतर वाचून समजला. टायरच्या रबरात मेणासारखी काही द्रव्ये मुद्दाम मिसळलेली असतात. चाक फिरते, दबते, सुटते, तशी ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि हवेतील ओझोनपासून रबराचे रक्षण करतात. चाक उभे राहिले की हे पाझरणे थांबते. ऊन, ओझोन आणि एकाच जागी पडलेला भार ही सारी मिळून रबर कोरडे करीत राहतात. मोटारीचे टायर झिजून मरतात. ट्रेलरचे टायर बहुधा झिजण्यापूर्वीच म्हातारे होतात. म्हणून जाणते लोक नक्षी न पाहता पाचसहा वर्षांनी ते बदलतात.

लहानपणी आमच्या गावच्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असे. लोहार ती शेणींच्या आरात तापवून लाल करी, सांडशीने उचलून लाकडी चाकावर चढवी आणि चहूकडून पाणी ओती. चर्र आवाज होऊन धाव आकसे आणि चाकाला मिठी मारी. ती धाव झिजली तर दिसे, सैल झाली तर खडखडे. तिला कपट नव्हते. पुढे टायरगाड्या आल्या. बैलांच्या मानेचे ओझे हलके झाले खरे, पण चाकाचे दुखणे पोटात गेले. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर केला, तेव्हापासून आपण सगळेच या झाकलेल्या मुठीवर बसून फिरत आहोत.

आणि मी राहतो कोठे, तर ओहायोतील ॲक्रन गावी! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गावाला जगाची रबर-राजधानी म्हणत. मोटारीच्या टायरांचे उत्पादन १९८० च्या सुमारास येथून उठले. मी आलो तेव्हा चिमण्या होत्या, धूर नव्हता. अशा गावात त्रेचाळीस वर्षे काढून टायरची जन्मतारीख कोठे लिहितात हे मला बेळगावच्या माणसाने सांगावे, ही गोष्ट हिने त्या रात्री जेवताना दोनदा बोलून दाखवली.

टायर घ्यावयाचे ठरले. पण अण्णा म्हणाले, आधी वजन कर. येथे हमरस्त्यांवर ट्रकवाल्यांसाठी वजनकाटे असतात. थोडे पैसे दिले की पुढच्या आसांवर किती, मागच्यांवर किती, याचा छापील कागद मिळतो. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी उभी करावी तसा मी ट्रेलर उभा केला; प्रवासाला निघताना असतो तसाच, भरलेला. पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन दीडशे किलोच्या वर. शिवाय दोन कुकर, तांदूळ, पिठे, माझी पुस्तके, आणि ओट्याखाली फडक्यात गुंडाळलेला एक दगडी खलबत्ता, ज्याची मला आजवर कल्पना नव्हती. कागद आला : चार चाकांवर मिळून ६,४८० पौंड, म्हणजे सुमारे २,९४० किलो. एका चाकावर सरासरी १,६२० पौंड. जुन्या टायरवर लिहिलेली कमाल होती १,७६० पौंड.

"बसते की," मी म्हणालो.

"सरासरीने," अण्णा म्हणाले. "दोन बैलांनी सारखे ओढले असे कधी बघितलास? शेगडी एका अंगाला, टाकी एका अंगाला. खड्डा आला की सगळे एकावर."

खलबत्ता उतरवण्याची सूचना मी हिला करून पाहिली. तिने पुस्तके उतरवण्याची सूचना केली. दोन्ही राहिले.

टायरच्या दुकानातील तरुण मुलगा सालस होता, पण घाईत होता. आमच्या चाकाचे माप 'एसटी २०५/७५ आर १४'. आपल्याकडे एसटी म्हटले की डोळ्यांसमोर लाल बस येते. येथे ती दोन अक्षरे खास ट्रेलरसाठी बनवलेल्या टायरची खूण आहे. २०५ मिलिमीटर रुंदी, कडेची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १४ इंची रिम. त्या मुलाने तीन वाटा दाखवल्या. पहिली, पूर्वीच होते तसलेच, 'सी' भाराचे, स्वस्त. दुसरी त्याहून स्वस्त : साध्या मोटारीचे टायर. तिसरी, त्याच मापाचे पण 'डी' भाराचे. यांच्यात ५० ऐवजी ६५ पौंड हवा भरावयाची आणि एकेकाने २,०४० पौंड उचलावयाचे.

मोटारीच्या टायरांचा अण्णांनी विचारच केला नाही. त्यांच्या कडा मऊ, कारण त्या माणसांना हिसके बसू नयेत म्हणून केलेल्या असतात. आणि ट्रेलरला लावताना त्यांच्यावर लिहिलेला भार १.१ ने भागून धरावा लागतो, हे त्या मुलानेही कबूल केले. शिवाय जोडआसांचा ट्रेलर जागच्या जागी वळवला की चाके फिरत नाहीत, आडवी घासतात. कडेला तेव्हा जी पीळ बसते ती मऊ टायर फार दिवस सोसत नाही. राहिले सी आणि डी. फरक चारांचा मिळून शंभर डॉलरच्या आतबाहेर. मी आकडा ऐकून गप्प राहिलो, आणि माझे गप्प राहणे अण्णांना लहानपणापासून वाचता येते.

तो मुलगा कोठारात गेला तेव्हा आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर बसलो होतो. कागदी पेल्यात पाणचट कॉफी होती. अण्णा म्हणाले, "आपल्या दुकानातला गोंयकार आठवतो?"

आठवत होता. १९८८ साली मी सुटीवर गेलो तेव्हा दुकानात पंक्चर काढण्याच्या हौदाशी एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा बसलेला असे. त्याचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता. जयपूरचा पाय लावून चाले. फोंड्याकडचा होता, कोंकणीत बोले, आणि सगळे त्याला गोंयकारच म्हणत. अण्णांनी दया येऊन ठेवून घेतला असेल, असे मी समजत होतो. अण्णांच्या चांगुलपणाच्या गोष्टी मी येथे मित्रांना सांगतो, तेव्हा हीही सांगत आलो आहे.

"१९८६ च्या पावसाळ्यातली गोष्ट," अण्णा सांगू लागले. बेळगावची भाजी गोव्याला नेणारा एक ट्रकवाला होता. त्याने टायर आणला. दोनदा रिसोल झालेला, तिसऱ्यांदा करून द्या म्हणाला. सांगाडा जुना होता. अण्णांनी आतून हात फिरवला आणि नको म्हणाले. त्याने दुसऱ्या दुकानात जाण्याची भाषा केली. त्या महिन्यात धाकटीच्या लग्नाचे देणे होते. अण्णांनी टायर ठेवून घेतला. "काम चोख केले," ते म्हणाले. "वरून नवा टायर दिसत होता. नक्षी अशी, की हात फिरवत राहावे."

अनमोडच्या घाटात उतरताना तो फुटला. ट्रक दरीकडे न जाता डोंगराच्या अंगाला गेला, म्हणून माणसे वाचली. क्लीनर पोराचा पाय सापडला. ट्रकमालकाने अण्णांना एका शब्दाने बोल लावला नाही. रस्ता, पाऊस, दैव, सगळ्यांना लावला. अण्णा इस्पितळात गेले तेव्हा त्या पोराने त्यांना एवढेच विचारले, "आतां हांव कितें करूं?"

"मग?"

"मग काय. दुकानात ये म्हटले."

दुकान २००४ साली बंद झाले तोपर्यंत, अठरा वर्षे, तो तेथे होता. त्याला हे ठाऊक होते काय, असे मी विचारले. अण्णा म्हणाले, पहिल्याच वर्षी सांगितले होते. वहिनींना सांगितले नव्हते. मला आज सांगत होते.

मी एवढेच म्हणालो की रिसोलिंग काही वाईट नव्हे, विमानांचे टायरही रिसोल करून वापरतात. "सांगाडा चांगला असेल तर," अण्णा म्हणाले, आणि कॉफीचा पेला टोपलीत टाकला. तो मात्र त्यांनी विनाखंत टाकला.

मी आत जाऊन डी सांगितले. अण्णांनी इंग्रजीत, मोजक्या शब्दांत, आणखी तीन गोष्टी सांगितल्या. रिमवर ६५ पौंडांची मुभा उठवलेली आहे का ते पाहा. व्हॉल्व्ह रबरी नकोत, धातूचे घाला. आणि नवे टायर चढवण्याआधी मला दाखवा. नव्यांपैकी तीन त्याच वर्षीच्या जानेवारीतले होते. चौथ्यावरचे आकडे वाचून अण्णांनी तो बाजूला ठेवला. तो फळीवरच दीड वर्षाचा झाला होता. मुलाने खांदे उडवले, पण दुसरा आणून दिला.

जुने टायर उतरले तेव्हा मी त्यांच्या आतल्या बाजू पाहिल्या. जे अंग मी कधी पाहिले नव्हते त्यावर केसासारख्या बारीक चिरा गोलाकार गेल्या होत्या, आणि एका टायरच्या नक्षीखाली, बोट फिरवल्यावर लागेल एवढाच, उंचवटा आला होता. आत पट्टे सुटू लागल्याची ती खूण. जोडआसांच्या ट्रेलरवर असा एक फुटला की त्याचा भार क्षणात शेजाऱ्यावर जातो आणि तोही निकामी होतो. हे सर्व पाहूनही माझ्या तोंडून गेले, "यांतला बरा दिसतो तो स्टेपनीला ठेवू या का?"

अण्णांनी मुलाकडून सुरी मागून घेतली आणि चारही टायरांच्या कडा एकेका रेषेत चिरून टाकल्या. त्यांचा हात अजून कापत नाही. "ठेवलास तर कधीतरी घालशील," ते म्हणाले. स्टेपनीही नवीच घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. ताशी ६५ मैलांच्या वर जावयाचे नाही, असे ठरले होते; ट्रेलरच्या टायरांची जुनी मर्यादा तीच, आणि आताच्या टायरांवर अधिक लिहिलेले असले तरी अण्णांना ते लिहिणे मंजूर नव्हते. "टायर खिळ्याने मरतो असे लोकांना वाटते," ते वाटेत म्हणाले, "मरतो तापाने. हवा कमी, वजन जास्ती, वेग जास्ती. तिन्हीने तापतो." मागून येणारे ट्रक आम्हांला ओलांडून जात होते. हिने थर्मासमधला चहा ओतला.

नवी चाके बसवल्यावर पन्नासेक मैलांनी नट पुन्हा आवळावे लागतात. पश्चिमेकडे जाणाऱ्या टोल रस्त्यावरच्या पहिल्या विसाव्याला थांबलो. मी पाना लावून एकेक नट पाहत गेलो. दोन किंचित फिरले. अण्णा माझ्यामागून येत होते आणि प्रत्येक टायरला हाताची पालथी बाजू लावून पाहत होते, तापकऱ्याच्या कपाळाला लावावी तशी. चौथ्यानंतर ते म्हणाले, "सारखे आहेत."

मग त्यांनी मला टायरच्या कडेचा फोटो काढावयास सांगितले. मापाचे अक्षर आणि जन्मतारखेचे आकडे दोन्ही येतील असा. कोणाला पाठवावयाचा, असे विचारले तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढून एक नंबर दाखवला. गोंयकार आता फोंड्याला असतो. स्वतःचे पंक्चरचे दुकान आहे, मुलगा हाताखाली आहे. फोटो गेला. तिकडे संध्याकाळ असावी. आम्ही पुन्हा गाडीत बसतो न बसतो तोच उत्तर आले, दोनच शब्दांचे : "हवा कितली?"

"पासष्ट लिही," अण्णा म्हणाले.